बाबांच्या खिशातलं मशीन

नव्वदच्या दशकात आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये माणसांपेक्षा वस्तूंना जास्त कपडे होते. टीव्हीला झालरीचा फ्रॉक, मिक्सरला टोपी, फ्रिजच्या हँडलला मोजा आणि फोनवर चक्क दुलई. रिमोट ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरात यायचा, त्याच पिशवीत रबरबँड लावून त्याचा जन्म जायचा. पिशवी मळून पिवळी पडली की बटणांवरचे आकडे दिसत नसत. आवाज वाढवायला गेलं की चॅनल बदलायचं, त्यावरून घरात भांडण व्हायचं, पण पिशवी काढून टाकू या असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

समोरच्या ब्लॉकमध्ये वॉशिंग मशीन आलं. तिथल्या वहिनी कपडे आधी बाथरूममध्ये बसून साबण लावून ब्रशने घासायच्या, दोन पाण्यांतून काढायच्या आणि मग मशीनमध्ये टाकायच्या. मी कारण विचारलं तर त्या माझ्याकडे अडाणी पोरीकडे बघावं तसं बघत म्हणाल्या, "अगं, मळके कपडे टाकले तर मशीन खराब नाही का होणार?" तळमजल्यावर घरं भाड्याने लावून देणारे एक गृहस्थ होते, त्यांनी पेजर घेतला. पेजर वाजला की ते चारचौघांत मोठ्या ऐटीत तो पट्ट्यावरून काढून वाचायचे आणि लगेच चौकातल्या एसटीडी बूथकडे धावायचे. तिथे रांगेत उभे राहिले की घाम पुसत पुन्हा एकदा तो सगळ्यांना दिसेल असा हातात धरायचे.

सुशिक्षित लोक शहाणे होते असंही नाही. मी सीबीडी बेलापूरला एका खासगी ऑफिसात टायपिस्ट होते. तिथे कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, एसी बसवला. आम्ही बाकीचे घामाने निथळत होतो. त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. साहेब पाहुण्यांना काचेतून तो दाखवायचे आणि पाहुणेही देवळाबाहेरून दर्शन घेतल्यासारखे मान हलवायचे. पत्रं मात्र मी बाहेर बसून टाइपरायटरवरच बडवत होते, कारण कॉम्प्युटरवर कुणी काम केलं तर तो बिघडेल अशी साहेबांना धास्ती होती.

या सगळ्यांना मी मनसोक्त हसायचे. पण संध्याकाळी घरी आल्यावर हसू पळायचं, कारण या सगळ्यांच्या वरताण आमच्याकडे बाबा होते.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं आणि घरी बसल्यावर ते जवळजवळ बहिरेच झाले. जवळ जाऊन, तोंड कानाशी नेऊन ओरडलं तरच त्यांना कळायचं. आमची आई मूळची हळू बोलणारी. महाडजवळच्या खेड्यातली, चार माणसांत तोंडावर पदर धरून बोलणारी. तिला या बहिरेपणाने बोंबलायला लावलं. "अहो, आंघोळीला पाणी काढलंय!" हे ती अशा आवाजात सांगायची की दुसऱ्या मजल्यावरच्यांनीही आंघोळीला उठावं. आमटीत मीठ कमी पडलं, माझं स्थळ फिसकटलं, गावाला मामा आजारी पडला, सगळं सगळं बिल्डिंगला आमच्याआधी कळायचं. नव्याने राहायला आलेल्या एका बाईने मला जिन्यात गाठून सहानुभूतीने विचारलं होतं, "तुमची आई फारच भांडते का गं वडिलांशी?" ती बातमी आईच्या कानावर गेली त्या दिवशी ती जेवली नाही.

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांनी बाबांना तपासून सांगितलं, मशीन लावा. सकाळी उठल्यावर घालायचं, झोपताना काढायचं, आधी घरातच वापरायचं म्हणजे कानाला सवय होईल. हे आम्ही आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाचींना सांगितलं. चाची उरणकडच्या, त्यांचं आणि आईचं फार जमायचं. त्यांचा मुलगा कुवेतला नोकरीला होता. पुढच्या सुट्टीत तो आला तो मशीन घेऊनच. आम्ही किंमत विचारली तर चाचींनी दोन्ही कानांना हात लावले. म्हणाल्या, "आमचा भाऊच हाय तो. भावाकरनं पैसं घेतात काय?"

काडेपेटीहून थोडी मोठी, राखाडी रंगाची डबी. तिला क्लिप, क्लिपने ती शर्टाच्या खिशाला लावायची आणि तिची वायर कानात. त्यात पेन्सिल सेल बसायचे. बाबांनी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा आई त्यांच्यासमोर पाटावर बसली होती. तिने काय बोलावं ते तिला सुचेना. शेवटी नुसतं हसली. मला वाटलं, सुटलो.

कसले सुटतोय! दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात गेलं. मूळच्या खोक्यात, मूळच्या थर्माकोलमध्ये, वरून आईच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळून. सेल काढून फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवले, कारण थंडीत सेल टिकतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी चिडून कानाशी ओरडले, "बाबा, डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलंय!"

बाबा शांतपणे म्हणाले, "ते बाहेर जायला आहे. घरात काय ऐकायचंय?"

आई शेजारीच उभी होती. हे वाक्य तिला ऐकू आलं, तिला काही मशीन लागत नव्हतं.

बाहेर जाताना मात्र मशीन निघायचं. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना बाबा पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला पेन, पेनाशेजारी ती डबी, वायर नीट कानामागून घेतलेली. पुढच्या रांगेत बसायचे. लोक विचारायचे, हे काय? मग बाबा "कुवेतवरून मागवलंय" असं सांगायचे. लोक वाकून बघायचे, कुणी बोट लावायचं. वंदना झाली, भाषणं झाली की बाबा इतरांचं बघून टाळ्या वाजवायचे. एकदा मी त्यांना विचारलं, भाषण कसं झालं? म्हणाले, "फार छान." मला शंका आली म्हणून घरी आल्यावर मी डबी उघडली. आत सेलच नव्हते! सेल फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी गार पडले होते. नवरदेवाच्या कमरेला तलवार असावी तसं ते मशीन होतं.

मला इतका संताप आला की मी डबी भिंतीवर आपटणार होते. आईनेच हात धरला. "नको गं," म्हणाली, "फुटलं तर चाचींना काय वाटेल?"

असं किती काळ चाललं असेल कोण जाणे. टीव्हीला केबल आली, समोरच्या वहिनींच्या मशीनला गंज चढला, तळमजल्यावरच्या पेजरची जागा विटेएवढ्या मोबाइलने घेतली आणि ते गृहस्थ गॅलरीत उभे राहून रेंजसाठी हात वर करू लागले. आमच्या घरी आई ओरडतच होती. फरक इतकाच की ती कमी ओरडू लागली. आंघोळ, जेवण, औषध, एवढंच. बाकीचं बोलणं तिने सोडून दिलं. बाबांना हे कळलंही नसेल, त्यांना घर आधीपासून शांतच वाटत होतं.

मग एका रविवारी दुपारी चाची वर आल्या आणि म्हणाल्या, पोरगा सुट्टीवर आलाय, संध्याकाळी तुमच्याकडे येतो. आमच्या घरात एकच धावपळ उडाली. आपल्याकडची रीतच आहे, ज्याने वस्तू दिली तो घरी येणार असला की ती वस्तू बाहेर निघते. भेट दिलेली चादर पलंगावर येते, भेट दिलेले कप ट्रेमध्ये येतात, पाहुणा गेला की पुन्हा कपाटात. बाबा पांढरा शर्ट घालून, मशीन लावून हॉलमधल्या खुर्चीवर बसले.

मुलगा आला, सोबत चाची. चाची थेट स्वयंपाकघरात आईकडे गेल्या, आई शिरा ढवळत होती. मुलगा बाबांशेजारी बसला आणि मशीन बघून खूश झाला. "मग काका, बरा चाललाय ना?" त्याने विचारलं. बाबा हसले. "शेवया नाहीत, शिरा आहे," म्हणाले.

मुलगा माझ्याकडे बघू लागला, मी खिडकीकडे. त्याला वाटलं मशीन बिघडलं. त्याने हळूच डबी खिशातून काढली, उघडली, आत बघितलं आणि रिकामी डबी माझ्यापुढे धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हॉलच्या कोपऱ्यातल्या फ्रिजमधून सेल काढून दिले. ते कुवेतहून आलेले, जिवापाड जपलेले सेल केव्हाच संपले होते. अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड, खालून चिकट पाणी सुटलेलं. वापरल्यावाचून संपले. मुलाची बोटं चिकट झाली.

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि टीव्हीवरचा रिमोट उचलला. रबरबँड काढला, पिवळी पिशवी काढली. बाबा अर्धवट उठले, पण पाहुण्याला काय म्हणणार? रिमोटमधले सेल डबीत गेले. मुलाने आवाजाची चकती पार शेवटपर्यंत फिरवली आणि डबी बाबांच्या खिशाला लावून दिली. बाबांनी दचकून वर बघितलं. पंख्याची घरघर त्यांना सहन होईना. मी पंखा बंद केला. मुलगा हात धुवायला बाथरूममध्ये गेला.

हॉलमध्ये शांतता झाली. त्या शांततेत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. चाचींशी ती तिच्या मूळच्या आवाजात बोलत होती, हळू, एकसारखी. तो आवाज मीसुद्धा विसरत चालले होते. हॉलमधल्या गोष्टींचा तिला पत्ता नव्हता, आणि मशीनमध्ये सेल नसतात हे तिला ठाऊक होतं.

"खरं सांगू चाची? मला दागिना नको, काय नको. एकदा यांच्याशी हळू बोलायचंय. दिवे मालवले, आडवं झालं की बाई नवऱ्याला काय काय सांगते. मी काय बोंब मारून सांगू? पोरीची काळजी वाटते, ती बोंब मारून सांगू? छातीत दुखतंय, ते पन बिल्डिंगला सांगू? मग गिळते. सगळं गिळते. लोकांना वाटतं मी भांडकुदळ. मी अशी नव्हते हो."

"अगो बाय," चाची म्हणाल्या, "पोरान एवढ्या हौसेन आनला, तो घालीत का नाय तुझा घोव?"

"ते बाहेर जायला हाय म्हणतात. घरात काय ऐकायचंय?"

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर, नजर बंद टीव्हीवर. शब्द न् शब्द त्यांच्या कानात जात होता. कधी नव्हे ते त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी बघितला आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बसा ऐकत, म्हटलं मनात. इतक्या वर्षांचं थकलंय, बसा ऐकत.

शिरा झाला, चहा झाला. मुलगा कुवेतच्या उन्हाबद्दल बोलत राहिला आणि बाबा हो हो करत राहिले, यावेळी योग्य जागी. दोघं खाली गेले. मी दार लावलं.

आई कप गोळा करायला हॉलमध्ये आली आणि सवयीने बाबांच्या कानाशी वाकून ओरडली, "अहो, आणखी चहा ठेवू का?"

बाबांनी अंग चोरलं, दोन्ही हात कानावर नेले. मग हात खाली घेतले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "हळू बोल. येतंय ऐकू मला. मघापासून येतंय."

आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग उघड्या पडलेल्या रिमोटकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिला सगळं कळलं. ती लाजली की घाबरली, मला सांगता येणार नाही. ट्रे टीपॉयवर ठेवून ती बाबांच्या समोर पलंगाच्या कडेला बसली. पदराने हात पुसले, पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

बाबा थांबले होते. खरंच थांबले होते, मान किंचित पुढे काढून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनातल्या मनात तिला ढकलत होते. बोल गं. छातीत दुखतंय ते बोल. मामाचं बोल. मला शिव्या घाल, त्यांना घाल, काहीही बोल, पण बोल.

आईने त्यांच्या खिशातल्या डबीकडे बघितलं. आणि चाचींशी बोलत होती त्याच हळू, मऊ आवाजात म्हणाली,

"काढून ठेवा आता ते सेल. उगाच संपतील."

एवढं हळू, पण बाबांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. त्यांनी सेल काढले.