दसऱ्याला पुजलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरची पूजा करू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही. निदान आठवीपर्यंतच्या पुस्तकांत तरी नव्हतं, आणि पुढची मी उघडलीच नाहीत.

मी देवगडकडचा. शाळेने मला आणि मी शाळेला एकाच वर्षी सोडलं. मुलुंडला मावशीने घरात घेतलं, काकांनी ओळखीच्या पिठाच्या गिरणीत चिकटवून दिलं. तेव्हापासून एकच धास्ती: या घरातलं काही आपल्या हातून मोडू नये. (आजवर दोन कप आणि काकांचा चष्मा. चष्म्यावर मी बसलो खरा, पण हळूच!)

दसऱ्याला गिरणीतल्या यंत्रांची पूजा मीच करतो. यंदा ती उरकून घरी आलो तर मावशी म्हणाली, "दिग्या, तुझ्या हातची पूजा लागू पडते. मुग्धाच्या कॉम्प्युटरला पण हळदकुंकू लाव. उद्या इंटरव्ह्यू आहे तिचा."

मुग्धा मावशीची मुलगी. चित्रं काढते, तीही कॉम्प्युटरवर. लहान मुलांच्या पुस्तकांच्या एका कंपनीला ती उद्या घरूनच चित्रं दाखवणार होती. याआधी दोन ठिकाणी नोकरी हातातोंडाशी येऊन गेली होती. आणि मावशीने एवढं नाजूक काम माझ्यावर सोपवलं! मला भरूनच आलं. हळद झाली, कुंकू झालं, झेंडू झाला. अक्षता गिरणीतल्या मापाने टाकल्या, म्हणजे मूठभर. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून मावशीने वर टॉवेल पांघरला.

सकाळी मुग्धाने टॉवेल काढला, फुलं उचलली, वरवर फडकं मारलं आणि पासवर्ड टाकला.

पासवर्ड चुकीचा.

पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा.

"बाबा, तुम्ही पासवर्ड बदललात?"

"मी कशाला बदलू?" काका पेपरातून म्हणाले.

"मागे टीव्हीचा बदलला होतात!" मावशी आतून ओरडली. "आठ दिवस बातम्या नव्हत्या घरात."

"बँकवालेच सांगतात, बदलत राहा म्हणून." काकांनी पेपर खाली ठेवला. "मुग्धा... बदललाही असेन गं. हल्ली लक्षात राहत नाही."

झालं! आता काकांच्या डोक्यात शिरायचं होतं. मावशीचं नाव टाकलं. नाही. कुलदैवत टाकलं. नाही.

"आपल्या लग्नाची तारीख टाकली असेल यांनी," मावशी जरा लाजून म्हणाली.

काकांनी तारीख सांगितली.

"चुकली," मावशी म्हणाली.

"अगं, अजून एंटर कुठे दाबलंय?"

"कॉम्प्युटर नाही म्हणत. मी म्हणतेय!"

तेवढ्यात समोरचे दामले चहाच्या कपासकट आले. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "सरळ फॉरमॅट मारू."

"म्हणजे काय?" मी घाबरत दामल्यांना विचारलं.

"सगळं पुसून पाटी कोरी!"

"माझी चित्रं आहेत त्यात!" मुग्धा किंचाळली. "चित्रंच नसतील तर दाखवू काय? तोंड?"

इतक्या चुका बघून कॉम्प्युटरही वैतागला. थोड्या वेळाने प्रयत्न करा, म्हणाला. मुग्धा डोकं धरून बसली. मला मनात पक्कं कळलं होतं: हे माझ्या पूजेचंच फळ. मंत्र चुकला असणार! (मंत्र म्हटलाच नव्हता, तोच चुकला असणार.) मी जाऊन पिशवीत दोन शर्ट कोंबले.

"मेल्या, पिशवी कसली भरतंस?" रागावली की मावशी मालवणीत येते. "निरांजन लाव आणि आण हकडे! देवाक सांग काय ता!"

मी निरांजन लावून धावत आलो. पायात वायर अडकली. निरांजन वाचवलं, पण कीबोर्ड खाली आला, आणि त्यावर माझा पाय पडला. विद्येला पाय! एका हातात निरांजन धरून दुसऱ्या हाताने मी तो कीबोर्ड उचलला आणि पुस्तक लावतात तसा कपाळाला लावला. घाईत उलटा.

आणि माझ्या डोक्यावर अक्षता पडायला लागल्या.

"अहो, कीबोर्ड दळायला टाकला होता का?" दामले म्हणाले.

मुग्धाने कीबोर्ड हिसकावला, उलटा धरून धपाधप बडवला. शिफ्टच्या बटणाखालून शेवटचा तांदूळ टपकला.

"दादा! शिफ्ट दाबलेलीच राहत होती! मी बरोबर टाकत होते, पण सगळी अक्षरं कॅपिटल पडत होती!"

"आणि दिसत होते नुसते ठिपके," दामले म्हणाले. हे त्यांना आधीपासून माहीत होतं म्हणे.

तिने पासवर्ड टाकला. उघडला! काका एकदम ताठ झाले. "मी म्हटलं नव्हतं, मी बदलला नाही म्हणून?" मावशी म्हणाली, "तारखेचं बघू नंतर."

इंटरव्ह्यू वेळेवर सुरू झाला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या मागे निरांजन घेऊन कोण उभं आहे?"

मी हलायचंच विसरलो होतो! पण बाई हसल्या, मुग्धा हसली, तिची भीती मोडली आणि तिने चित्रं अशी दाखवली की नोकरी मिळाली. मावशीने माझी पिशवी स्वतः रिकामी केली. एक शर्ट तर धुवायलाच टाकला.

संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. तिचा कायमचा एकच प्रश्न. "तुझ्या डोक्यार अक्षता कधी पडतल्यो रे?"

"आये, आजच पडल्यो."

"काय सांगतंस! सून गावली? चेडू खयचा? शिकलेला आसा?"

"शिकलेला आसा. इंग्रजी तर सगळा येता," मी कीबोर्डकडे बघत म्हटलं. "पण मी हात लावलंय काय घरातली सगळी माणसा बोंब मारतत."