गिळलेली बुरशी

१९८६, मालवण, मे महिन्यातला सोमवार. हजर: वॉर्डाची परिचारिका म्हणून मी, प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा एक मच्छीमार रुग्ण.

बाईंना काहीही विचारा, त्या म्हणायच्या, "आधी बघ." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की शेजारचा चहा हमखास गार व्हायचा.

त्या दिवशी रुग्ण अडून बसला. "जिभेवरचो घाव सुकलो. आता गोळये कित्याक?"

औषध अर्ध्यावर सोडलं तर आजार उलटून जिवावर बेतणार होता. मी रागावले. बाईंनी मात्र सूक्ष्मदर्शकच उचलून त्याच्या खाटेपाशी आणला आणि त्याच्याच घावातून पूर्वी घेतलेल्या नमुन्याची काच लावली.

"आधी बघ. ही तुजी पांढरी पेशी. तिना बुरशी गिळली, पण मारूक जमला नाय. आता ती बुरशी तिच्याच पोटात बसान पोरां काढता."

"म्हणजे राखणदाराच्याच घरात चोर?"

"होय रे बाबा! भायरसून दिसाचो नाय."

तो पुटपुटला, "लबाड मेलो," आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला.

पुढे बाईंची बदली झाली. किनाऱ्यावर तो रापण ओढताना दिसला की त्या आठवतात. तो पूर्ण बरा झाला, हे त्यांना कळवायचं अजून राहिलंच आहे.