हनुवटीचे वाढते दिवस

माझा खालचा जबडा मागे राहिला होता. वरचे दात पुढे, हनुवटी गळ्याकडे लपलेली. वर्गात मला ससा म्हणायचे. मी हसताना तोंडावर हात धरायचे. तेरावं लागलं तेव्हा पप्पा मला राहुरीहून एसटीने नगरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आई कांदा काढणीत अडकली होती.

डॉक्टरबाईंनी दोन प्लेटा दाखवल्या, एक वरच्या दातांची, एक खालच्या. त्या घालून तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येतो, आणि वाढीच्या वयात हाडही हळूहळू तिकडे वाढतं. मला ते फारच आवडलं. मी शाळेत असेन, झोपेत असेन, उसाच्या बांधावरून चालत असेन, आणि आत कुठेतरी माझी हनुवटी गुपचूप वाढत असेल. खुर्चीत पडल्यापडल्या मी नव्या चेहऱ्याने गावभर फिरूनही आले.

"पण हे वाढ चालू असेपर्यंतच हं," बाई म्हणाल्या. "पाळी आली की दोनेक वर्षांत हाडाची वाढ थांबत जाते. पाळी सुरू झाली का?"

पप्पा शेजारीच स्टुलावर बसले होते. आमच्याकडे ही गोष्ट आई आणि मी, एवढ्यातच. मी पटकन म्हणाले, "नाही."

"मग घाई नाही. पुढच्या वर्षी सुरू करू."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. ऊन डोळ्यांवर येत होतं, स्टँडवरची माणसं पाण्यात असल्यासारखी हलत होती. वर्षभरात हाड वाढायचंच थांबलं तर? मूर्खासारखं एक 'नाही' म्हणून मी माझी हनुवटी घालवून बसले होते. खूप रडू येत होतं, आणि पप्पांना कारण सांगायची सोय नव्हती. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

कंडक्टरने घंटी मारली तसे पप्पा उठले. "थांबवा, उतरायचंय." मला वाटलं, दवाखान्यात पिशवी राहिली.

डॉक्टरबाईंसमोर ते फरशीकडे बघत उभे राहिले. "पोरगी लाजली, म्याडम. पाळी सुरू झालीय तिची. आठ म्हयनं झालं."

एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

बरोबर आठच झाले होते. आपल्याला माहीत आहे हे एवढे दिवस त्यांनी मला कळूच दिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "आजच माप घेऊ." मी तोंड उघडलं. त्यांनी मापाचा गार लगदा भरला, आणि मला धड रडताही येईना.