बाबांच्या खुर्चीपुरती सपाट जागा

मंडळी, आज निर्मळच्या आमच्या घरी मागच्या अंगणाचं थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं.

बाबांना व्हीलचेअरवर बसून केळीची बाग बघता यावी, म्हणून तिथे विटा बसवायला काढल्या होत्या. पहिल्याच दिवशी माझं आणि गवंडी रमेशदादांचं वाजलं. ते म्हणाले, "उतार पायजे. पावसाचं पानी कुठं जानार?" मी म्हटलं, "बाबांची खुर्ची घरंगळेल. एकदम सपाट करा." शेवटी त्यांनी ऐकलं. माती खणून मुरूम भरला, पाणी मारून ठोकून ठोकून घट्ट केला. विटा लावायच्या आतच बाबा गेले.

परवा तेरावं झालं. आज दादांनी दोरी ताणली आणि खाली बघतच विचारलं, "ताई, आता उतार देऊ?"

मी मानेनेच हो म्हटलं. इतका ठोकलेला मुरूम, कुदळीने सुटता सुटेना.

संध्याकाळी बघितलं, तर चाफ्याजवळचा खुर्चीएवढा तुकडा सपाटच होता. मी काहीच सांगितलं नव्हतं.

"दादा, इथे पाणी साचेल ना?"

हात धुता धुता ते म्हणाले, "साचू दे."