फारसी चालते

बरकतपुऱ्याचं कॉलेज सोडून विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जायचं, तर त्रिवेणीला एक परदेशी भाषा यायला हवी होती. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, रिक्षात दखनी. यातली एकही कामाची नाही! जर्मनच्या क्लाससाठी नारायणगुड्यात खेटे घालून ती रडकुंडीला आली. शेवटी विद्यापीठाच्या प्रवेश-खिडकीतले क्लार्क म्हणाले, “फारसी आती क्या, बेटा? वो भी चलती.”

निजामाच्या काळातल्या शाळेत शिकलेले आजोबा रोज सकाळी फारसी शेर म्हणायचे, आणि ती धाडकन दार लावून घ्यायची. हल्ली तेच आधी दार लावून घ्यायचे.

धावतच ती घरी आली. “आजोबा, मला शिकवा ना. म्हणा, मोठ्यानं म्हणा!”

आजोबांचा चेहरा उजळला. ते उठले, सवयीनं आधी दार लावलं, आणि हळू आवाजात म्हणू लागले.