मस्कतच्या वेळेचं घड्याळ

न्हावऱ्यात आप्पांना कुणी वेळ विचारत नसे. माझ्या या चुलत्यांच्या मनगटावरचं घड्याळ कायम दीड तास मागे असायचं, कारण ते मस्कतच्या वेळेवर लावलेलं होतं. चहाच्या टपरीवर बसून आप्पा मनगट वर करायचे आणि म्हणायचे, "साडेआठ झालं. सायब हापिसात बसलं असत्याल." सायब म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे बाबा. घड्याळ त्यांनीच पाठवलेलं. त्या वेळी बाबा डोळ्यांपुढे काळी काच धरून लोखंडी टाक्यांवर वेल्डिंग करत असायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि गावात कुणालाच नव्हतं.

बारावी मस्कतला करून मी इंजिनियरिंगसाठी एकटीच परत आले, तेव्हा आप्पा शिरूरच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभे होते. वाळवंटात वाढलेल्या मला त्यांनी डोक्याला गुंडाळायला टॉवेल दिला, पोरीला इथलं ऊन बाधेल म्हणून. माझ्यासाठी सुताराकडून टेबल करून घेतलं होतं. मी अभ्यासाला बसले की ते स्वतःच्या बातम्याही बंद करायचे. इतके लाड माझे कुणी केले नव्हते.

पासपोर्ट भारताचा, पण शाळा बाहेरची, त्यामुळे राज्यातल्या मुलांच्या फीत मी बसत नव्हते. आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी मात्र थोड्या जागा होत्या आणि ती फी बाबांना झेपणारी होती. ते जमलं की बाबा दिवाळीला कायमचे घरी येणार होते. त्यांचे डोळे आता साथ देत नव्हते. बाबा तिथे कामगार असल्याचं कंपनीचं पत्र आलं, फक्त ते दाखवून गावचा रहिवासी दाखला काढायचा राहिला. "कागदाचं माझ्यावर सोड," आप्पा म्हणाले. अख्खी आळी कागदांसाठी त्यांच्याकडेच यायची. मीही फाइल त्यांच्या हातात दिली आणि निर्धास्त झाले.

यादी लागली. माझं नाव होतं, पण श्रीमंत परदेशस्थांच्या यादीत, कैक पट फीच्या. दुरुस्तीची मुदत संपली होती. कंपनीचं पत्र मला घड्याळाच्या रिकाम्या डबीत सापडलं, चार घड्या घातलेलं.

मी ते आप्पांपुढे धरलं. त्यांनी नाकारलं नाही.

"पोरी, त्याच्यावर वेल्डर लिवलंय. ग्रामपंचायतीत कसं दावू? आन् डेअरीची निवडणूक तोंडावर हाय." मग हळूच म्हणाले, "सायबाला फी काय जड हाय?"

 वर्षानुवर्षं सायब, सायब म्हणून त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले, की आप्पांना काही बोलू नकोस, मी अजून चार वर्षं काढतो. मी बोललेच. मग बोलणंच सोडलं आणि पुण्याला वसतिगृहात राहायला गेले. आप्पा निवडून आले.

परक्या माणसाने फसवलं असतं तर एव्हाना विसरले असते. मला टेबल करून देणाऱ्या माणसाने फसवलं, ते विसरता येत नाही.

गेल्या महिन्यात बाबा परत आले. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "घे, आता आपल्या टायमावर लाव." बाबांनी ते लांब धरलं, मग अगदी डोळ्यांजवळ आणलं. काटे त्यांना दिसेनात. त्यांनी घड्याळ माझ्याकडे दिलं.

आप्पा खाली बघत होते. मी काटे दीड तास पुढे केले आणि घड्याळ बाबांच्या हाताला बांधलं.