पदावरच्या माणसाला समन्स

निकाली खटल्यांच्या फायली काही वर्षांनी नष्ट करतात. किस्से नष्ट करायचा नियम नाही, त्यामुळे ते बाररूममध्ये साठतच जातात. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरच्या जुन्या कोर्टात आण्णा वकिलांचा ज्युनियर होतो. तेव्हाचे, मोठ्या लोकांच्या समन्सचे तेवढे सांगतो.

*

राधानगरीकडचे एक सरपंच एका मारामारीच्या केसमध्ये साक्षीदार होते. समन्स जायचं, ते यायचे नाहीत. शेवटी वॉरंट काढून आणलं.

"का आला नाहीत?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"मी सिटिंग सरपंच हाय. सिटिंग राष्ट्रपतीला समन्स लागत न्हाय, मग मला कसं लागंल?"

"सिटिंग आहात ना? मग कोर्ट उठेपर्यंत त्या बाकावर बसा."

बसले. संध्याकाळी जाताना आण्णांना म्हणाले, "वकीलसाहेब, ह्यापरास साक्ष लवकर उरकली असती की."

*

समन्स बजावायचं काम कांबळे हवालदारांकडं. एकदा एका मंत्र्याचं समन्स आलं. मंत्र्याला सूट नसते, पण बंगल्यावर जावं तर "साहेब दौऱ्यावर हायत."

कांबळे एका सत्काराला गेले, रांगेत उभे राहिले, हार घातला आणि कागद पुढं केला. निवेदन समजून मंत्र्यांनी "बघतो" म्हणत सही ठोकली.

महिनाभरात कांबळ्यांची बदली झाली. निरोपाच्या चहाला म्हणाले, "माझी ऑर्डर मात्र पहिल्याच फेरीत बजावली बघा."

*

बाबू हुपरीचा, चांदीचे पैंजण करणारा. बाजारातल्या एका हाणामारीत त्याचं नाव गोवलं गेलं. त्याचं म्हणणं, त्या दुपारी तो कोल्हापुरात एका पुढाऱ्यांच्या घरी नातीचे पैंजण पोचवायला गेला होता. तेव्हा घरात ते पुढारी एकटेच होते, म्हणून साक्षीदारही तेवढेच.

केस उभी राहीपर्यंत ते पुढारी लांबच्या एका राज्याचे राज्यपाल झाले.

बाररूममध्ये वाद पेटला. एक जण म्हणाला, "पदावर आहेत तोवर त्यांच्यावर फौजदारी खटलाच चालत नाही. समन्स कसलं काढताय?" दुसरा म्हणाला, "खटला वेगळा, साक्ष वेगळी."

कोपऱ्यात बसलेल्या बाबूनं विचारलं, "राज्यपाल झाले म्हंजे त्यांनी मला बघितल्यालं पुसतंय व्हय?"

आण्णांनी फौजदारी संहिता उघडली. राज्यपालांना कोर्टात बोलवायचं नाही, पण न्यायासाठी त्यांची साक्ष लागणारच असेल तर कमिशन काढून तिथल्या मॅजिस्ट्रेटनी त्यांच्याकडं जाऊन जबाब घ्यायचा, अशी तरतूद निघाली.

सरकारी वकील म्हणाले, "एवढ्याशा केससाठी राजभवनात जायचं?"

"केस एवढीशी आहे," आण्णा म्हणाले, "शिक्षा बाबूला पुरी बसणार."

अर्ज मंजूर झाला.

*

राजभवनात जबाब घ्यायला तिथले मॅजिस्ट्रेट आले होते. आधी कुणी बसायचं हेच त्यांना कळेना. राज्यपाल स्वतःच उभे राहिले. म्हणाले, "साक्षीदार उभा असतो."

आजवर त्यांनी मंत्र्यांना शपथा दिल्या होत्या. आता मॅजिस्ट्रेटनी त्यांना दिली.

"बाबू आला होता," त्यांनी सांगितलं. "एका पैंजणाचं घुंगरू निसटलं होतं. ते माझ्यासमोर बसून जोडलं. अख्खी दुपार गेली त्यात."

सरकारी वकिलांनी उलटतपासणी घेतली. "आपल्याकडं रोज शेकडो लोक येत असत. हाच एवढा कसा लक्षात राहिला?"

राज्यपाल म्हणाले, "कारण माझ्याकडं काहीही न मागता गेलेला त्या दिवशी तो एकटाच होता."

*

बाबू निर्दोष सुटला. कोर्टाबाहेर चहा पिताना आण्णांनी त्याला राज्यपालांचं ते वाक्य सांगितलं. बाबूनं कप खाली ठेवला.

"पोराच्या नोकरीचं मागायलाच गेलतो की, आण्णा," तो म्हणाला. "ते घुंगरू जोडत बसलो, पण तोंडातनं शब्द फुटंना."